समाजवाद मार्क्सपासून सुरू होत नाही, आधीची पन्नास वर्षं वगळू नका

प्रश्न असा आहे की परीक्षेच्या नोट्समध्ये समाजवाद म्हणजे मार्क्स, आणि त्याच्या आधीचे ओवेन, फुरिए, सेंट सायमन हे सगळे "स्वप्नाळू समाजवादी" म्हणून एका ओळीत गुंडाळलेत, तर ती मंडळी सोडून दिली तर चालेल का. आणि गरिबी जगात कायमच होती, तर हा विचार नेमका १८०० नंतर इंग्लंड-फ्रान्समध्येच का उगवला.

सोडून देऊ नका. मी पंचवीस-सव्वीस वर्षं हा विषय शिकवतोय, दिवसा कॉलेजात आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी कामगारांच्या अभ्यासवर्गात. माझा अनुभव असा की कॉलेजातली पोरं आधी विचारतात "सर, व्याख्या काय लिहायची", पण गिरणीत आयुष्य काढलेला माणूस ओवेनच्या गिरणीची गोष्ट ऐकताना मध्येच थांबवतो आणि विचारतो, "तिथलं किराणा दुकान कोणाचं होतं?" हा प्रश्न फार जबरदस्त आहे. समाजवादाचा उगम असल्याच प्रश्नांत आहे, दुकान कोणाचं, घड्याळ कोणाच्या हातात, मजुरीचा दर कोण ठरवणार. पुस्तकं त्यानंतर आली.

आधी "तेव्हाच का" ते बघू. गरिबी जुनीच, पण तिचं कारण लोक वेगळं सांगायचे, पीक बुडालं, लढाई झाली, रोगराई आली, देवाची मर्जी. १८१५ ला वॉटर्लूची लढाई झाली, नेपोलियन संपला, शांतता आली, आणि इंग्लंडमध्ये सुबत्ता यायची सोडून मंदी आली, कारण सैन्यासाठी लागणारा माल थांबला, सुटलेले शिपाई काम शोधत गावोगाव फिरायला लागले, मजुरी घसरली. गोदामात कापडाच्या थप्प्या आणि ते विणणाऱ्याच्या अंगावर धड सदरा नाही, हे दृश्य नवीन होतं. पुढे १८२५ ला परत तसंच, बँका बुडाल्या, गिरण्या थांबल्या, आणि तेव्हा तर लढाईचंही निमित्त नव्हतं. मग माणूस विचारणारच की हे देवानं केलेलं नाही तर कोणी केलं, आणि माणसांनीच केलं असेल तर माणसांना ते बदलता का येऊ नये? माझ्या मते समाजवादी विचाराचं बी हे आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची, ही नोट्समध्ये कधीच नसते म्हणून जरा थांबून सांगतो. इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथच्या काळापासून, म्हणजे १५६३ पासून, एक कायदा होता, त्यानुसार स्थानिक न्यायाधीश मजुरीचे दर ठरवू शकायचे आणि सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय कुणाला त्या धंद्यात घेता येत नसे. तो कायदा काही मजुरांच्या प्रेमापोटी केलेला नव्हता, पण निदान दर ही चार लोकांसमोर ठरवायची गोष्ट आहे एवढं त्यात मान्य होतं. मजुरी घसरायला लागल्यावर हातमागवाल्यांनी पार्लमेंटकडे अर्ज केले की जुना कायदा आहे ना, मग तो लागू करा. पार्लमेंटनं काय केलं? १८१३ ला मजुरीची कलमं रद्द केली आणि १८१४ ला उमेदवारीची. दर आता बाजार ठरवेल. बरं, मग आम्ही एकत्र येऊन मालकाशी बोलू म्हटलं तर १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी तोही गुन्हा, सरळ तुरुंग, आणि ती बंदी उठली १८२४ ला. फ्रान्समध्ये तर क्रांतीच्याच असेंब्लीनं १७९१ मध्ये स्वातंत्र्याच्या नावाखाली कामगारांच्या संघटनांवर बंदी घातली, आणि संपाचा हक्क तिथे १८६४ पर्यंत मिळाला नाही. म्हणजे कागदावर मालकही स्वतंत्र, मजूरही स्वतंत्र, दोघं मिळून करार करणार, पण एकाच्या घरात महिनाभराचं धान्य आहे आणि दुसऱ्याच्या घरात संध्याकाळचं नाही. या "स्वतंत्र कराराच्या" पोकळपणावर पहिले समाजवादी बोट ठेवत होते.

याच काळात, १८११ पासून, नॉटिंगहॅमच्या भागात यंत्रं फोडली गेली, ते लडाइट लोक. त्यांना अडाणी, प्रगतीचे शत्रू म्हणून हिणवतात त्याचा मला खरंच राग येतो. ते दिसेल ते यंत्र फोडत नव्हते, ज्या मालकानं दर पाडलाय किंवा हलका माल काढून धंद्याचं नाव घालवलंय त्याचे माग शोधून फोडायचे. यंत्र फोडणाऱ्याला फाशी असा कायदा १८१२ ला झाला.

फ्रेंच राज्यक्रांतीचा धागा थोडक्यात घेतो. १७८९ नं समतेचा शब्द रस्त्यावर आणला, मग बाब्यफ नावाचा क्रांतिकारक आणि त्याच्या साथीदारांनी १७९६ मध्ये विचारलं की समता फक्त कोर्टातच का, भाकरीत का नाही, आणि त्यासाठी उठावाचा कट केला. १७९७ ला बाब्यफचं डोकं उडवलं. त्याचा साथीदार बुओनारोती वाचला, त्यानं तीसेक वर्षांनी, १८२८ ला, त्या कटाची सगळी हकीकत छापली आणि १८३० च्या पिढीतल्या पॅरिसच्या पोरांनी ती पाठ केली. पण बाब्यफच्या डोळ्यासमोर शेत आणि धान्य होतं, गिरणी नव्हती. गिरणी समजून घेणारा पहिला माणूस म्हणजे ओवेन.

रॉबर्ट ओवेन, जन्म १७७१, वेल्समधल्या न्यूटाउनचा, खोगीर बनवणाऱ्याचा मुलगा, दहाव्या वर्षी घर सोडून कापडाच्या दुकानात कामाला लागला आणि विशीत मँचेस्टरला ५०० माणसांच्या सूतगिरणीचा मॅनेजर झाला. हा कुणी खुर्चीत बसून लिहिणारा नव्हता, त्याला सूत कळत होतं. १७९९ ला त्यानं पार्टनर जमवून स्कॉटलंडमधलं न्यू लॅनार्क विकत घेतलं, क्लाइड नदीच्या घळीत पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या गिरण्या आणि त्यांच्याभोवती कामगारांचं अख्खं गाव, वस्ती दोनेक हजारांची. त्यात ५०० च्या आसपास मुलं एडिंबरा-ग्लासगोच्या अनाथालयांतून आणलेली, पाच-सहा वर्षांपासूनची, गिरणीत कामाला. आधीचा मालक डेव्हिड डेल, म्हणजे ओवेनचा सासरा, त्या काळच्या मानानं दयाळू समजला जायचा, मुलांना जेवण-कपडे नीट द्यायचा आणि रात्री शाळाही चालवायचा. पण दिवसभर गिरणीत उभं राहिलेलं सहा वर्षांचं पोर रात्री काय शिकणार?

ओवेननं दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणं बंद केलं. कामाचे तास हळूहळू साडेदहापर्यंत आणले, तेव्हा इतर गिरण्यांत तेरा-चौदा तास चालायचं. आणि दुकान! अभ्यासवर्गातला तो प्रश्न इथे लागू होतो. गावात आधी छोटी खाजगी दुकानं होती, हलका माल, चढा भाव, उधारी, आणि उधारीत अडकलेला माणूस पगाराच्या दिवशीच रिकाम्या हाताचा. बाकी इंग्लंडात तर कित्येक मालक मजुरीच्या ऐवजी स्वतःच्या दुकानातला माल घ्यायला लावायचे, म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं परत. ओवेननं घाऊक भावानं चांगला माल आणून जवळजवळ खरेदीच्या भावात विकायला सुरुवात केली आणि त्यातून जो थोडा नफा राहायचा तो मुलांच्या शाळेवर लावला. मी हे सांगितलं की वर्गातली म्हातारी मंडळी माना डोलावतात, त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

कामगारांचा विश्वास मात्र त्यानं दुसऱ्याच गोष्टीनं कमावला. काही वर्षांतच अमेरिकेनं निर्यात बंद केली, कापूस मिळेना, ओवेननं गिरणी चार महिने बंद ठेवली आणि त्या चारही महिन्यांचा पूर्ण पगार दिला, यंत्रं पुसून नीट ठेवा एवढंच काम. त्याला सात हजार पौंडांच्या वर खर्च आला. तोवर लोक त्याच्याकडे परका इंग्रजी साहेब म्हणूनच बघत होते. १ जानेवारी १८१६ ला त्यानं मोठी शाळा उघडली, चालायला लागलेल्या मुलापासून प्रवेश, मारायचं नाही, रागवायचं नाही, लहानग्यांना पुस्तकांनी छळायचं नाही, नाच, गाणी, नकाशे, चित्रं. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या बालवाड्यांचा उगम इथे आहे.

या सगळ्यामागे त्याचं एकच म्हणणं होतं, माणसाचा स्वभाव त्यानं स्वतः घडवलेला नसतो, परिस्थिती तो घडवते. गरीब हा आळशी असतो, दारुडा असतो म्हणून गरीब असतो, हे तेव्हाचं सर्वमान्य मत होतं (आजही ट्रेनच्या डब्यात ऐकू येतं), आणि ओवेन म्हणाला परिस्थिती बदलून बघा, तोच माणूस बदलतो, आणि नुसतं म्हणाला नाही तर एका गावात करून दाखवलं आणि गिरणी नफ्यातही चालवली. माझ्या दृष्टीनं त्याचं सर्वात मोठं काम हे.

पण त्याच्याबद्दल खरं ते सगळं सांगायला हवं. त्यानं प्रत्येक कामगाराच्या जागेवर एक छोटा लाकडी ठोकळा टांगला, चार बाजूंना चार रंग, काळा म्हणजे काम वाईट, मग निळा, पिवळा आणि पांढरा म्हणजे उत्तम, कालचा रंग आज सगळ्यांना दिसणार. मारहाण आणि दंडापेक्षा हे बरंच, तरीही नजर ती नजरच. आणि गावात काय व्हायचं ते ओवेन ठरवायचा, कामगारांचं मत विचारायची सोय नव्हती, तो मायबाप होता आणि ते लेकरं. शिवाय भांडवल पार्टनरांचं, त्यांना नफा हवा, या भांडणात त्याला दोनदा पार्टनर बदलावे लागले, शेवटी १८१३ ला भांडवलावर पाच टक्क्यांवर समाधान मानणारे लोक शोधले, त्यात विचारवंत जेरेमी बेंथमही होता. एका भल्या मालकावर किती अवलंबून राहायचं हा प्रश्न तिथेच उभा होता.

ओवेननं सरकारकडेही खटपट केली, सगळ्याच गिरण्यांतल्या मुलांसाठी कायदा करा म्हणून. १८१९ ला कायदा झाला, नऊ वर्षांखालच्या मुलांना सूतगिरणीत घ्यायचं नाही आणि सोळा वर्षांपर्यंत बारा तासांच्या वर काम नाही, पण तपासायला इन्स्पेक्टरच ठेवले नाहीत, ते आले १८३३ च्या कायद्यानं. इथे आपल्याकडचा संबंध सांगतो, कारण तो ओढूनताणून आणलेला नाही. भारतातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा, सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, आणि त्यासाठी जोर लावणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीमालकही होते, मुंबईचं स्वस्त सूत त्यांना खुपत होतं म्हणून. नारायण मेघाजी लोखंडेंनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा घेतली तेव्हाच्या मागण्या, रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, वाचताना मँचेस्टरच आठवतं. पण लोखंडे आले महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून, ओवेनमधून नाही. तोच प्रश्न दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उगवला.

ओवेनचं पुढचं आयुष्य म्हणजे पडणं आणि परत उठणं. १८२५ ला अमेरिकेत इंडियानामध्ये न्यू हार्मनी नावाचं अख्खं गाव विकत घेऊन सामायिक मालकीचा प्रयोग केला, दोनेक वर्षांत मोडला, त्याचा बहुतेक पैसा तिथे गेला. पण तो परत आला तेव्हा इंग्लंडमध्ये कामगारांनी त्याचे विचार स्वतःच उचललेले होते, आणि मला इथेच गोष्टीची खरी सुरुवात वाटते. "सोशलिस्ट" हा शब्दसुद्धा इंग्रजीत छापलेला सापडतो तो १८२७ ला, ओवेनच्या अनुयायांच्या सहकारी चळवळीच्या मासिकात, भांडवल सामायिक असावं म्हणणाऱ्यांसाठी. मार्क्स तेव्हा नऊ वर्षांचा होता. १८३२ ला लंडनमध्ये श्रम-विनिमय केंद्र निघालं, तुम्ही बूट आणून द्या, त्याला किती तास लागले त्याची नोट घ्या, त्या नोटेवर दुसऱ्याचा तेवढ्या तासांचा माल न्या. दोन वर्षांत बंद पडलं, कारण शिंपी-चांभारांचा माल भरपूर आला पण पीठ आणि मांस कोण आणणार. १८३४ ला सगळ्या धंद्यांची एकच मोठी युनियन काढली. त्याच वर्षी डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना युनियनची गुप्त शपथ घेतली म्हणून सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवलं, आणि त्यांच्या सुटकेसाठी लंडनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. पुढे रॉचडेल गावात २८ जणांनी थोडे थोडे पैसे साठवून १८४४ च्या डिसेंबरात टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान टाकलं, लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ, मेणबत्त्या, एवढाच माल. त्यांच्यात ओवेनचे अनुयायी होते आणि विणकरही होते. नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. आपल्याकडच्या ग्राहक भांडाराचं मूळ शोधत गेलात तर त्या गल्लीत पोचाल.

फ्रान्सकडे वळू. सेंट सायमन हा सरदार घराण्यातला, त्याचं एक उदाहरण फार गाजलं, १८१९ चं, फ्रान्सचे उत्तमातले तीन हजार शास्त्रज्ञ, कारागीर, बँकवाले एकदम मेले तर देश कोसळेल, पण राजघराणं, मंत्री, मोठे धर्मगुरू मिळून तीस हजार गेले तर वाईट वाटेल इतकंच, काम काही अडणार नाही. यावरून त्याच्यावर खटला भरला. मात्र त्याच्या यादीत मालक आणि मजूर दोघंही "काम करणारे" याच खान्यात होते, त्यामुळे त्याच्या शिष्यांतले निम्मे समाजवादाकडे गेले आणि निम्मे रेल्वे आणि बँका काढायला. फुरिए हा व्यापाऱ्याकडचा कारकून, १७९९ मध्ये मार्सेलला असताना भाव चढेपर्यंत साठवून सडवलेला तांदूळ समुद्रात फेकून देण्याच्या कामावर त्याला उभं राहावं लागलं, बाहेर लोक उपाशी असताना. त्या तांदळानं त्याला आयुष्यभर झोपू दिलं नाही. त्यानं १,६२० माणसांच्या वसाहतीचा आराखडा केला, त्यातलं पुष्कळसं विचित्र आहे, पण काम हे कंटाळवाणं असलंच पाहिजे का आणि बाईला किती मोकळीक आहे त्यावरून समाज किती पुढे गेला ते ओळखा, हे दोन मुद्दे त्याचे पक्के.

आता लियों, आणि इथे जरा रमणार आहे. लियों म्हणजे रेशमाचं शहर. व्यापारी रेशीम देणार, डिझाइन देणार, आणि कापड मोजून दर देणार. विणायचं घरी, स्वतःच्या मागावर, बायको-मुलं आणि दोन-चार मजूर घेऊन. नक्षीचं कापड विणणारे नवे जकार्ड माग इतके उंच की क्रोआ-रूस टेकडीवरची घरं त्यासाठी मुद्दाम उंच छताची बांधली, ती आजही बघायला मिळतात. मालेगाव-इचलकरंजीकडच्या माणसाला हा धंदा लगेच कळेल, माग तुझा, वीज तुझी, आणि मजुरीचा दर सूत देणाऱ्या शेटचा.

१८३१ ला दर फारच पडले. विणकरांनी दगड उचलला नाही, आधी सभा घेतल्या, प्रतिनिधी निवडले, आणि प्रीफेक्टला, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरला, मध्ये घालून व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींसोबत ऑक्टोबरात किमान दराचा तक्ता ठरवून घेतला. शेकडाभर व्यापारी म्हणाले आम्हाला मान्य नाही, आणि पॅरिसचं सरकारही म्हणालं की दर ठरवणं हे व्यापाराच्या स्वातंत्र्याविरुद्ध आहे. २१ नोव्हेंबरला विणकर टेकडीवरून खाली निघाले, काळा झेंडा, त्यावर लिहिलेलं, काम करत जगू नाहीतर लढत मरू. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं पडली, आणि दोन दिवसांत सैन्य शहर सोडून गेलं. फ्रान्समधलं दुसऱ्या नंबरचं शहर विणकरांच्या ताब्यात! आणि त्यांनी काय केलं, लूटमार होऊ नये म्हणून श्रीमंतांच्या घरांवर आणि टांकसाळीवर पहारे बसवले. त्यांना राज्य नको होतं, तक्ता हवा होता. डिसेंबरच्या सुरुवातीला वीसेक हजार सैन्य आलं, तक्ता रद्द, प्रीफेक्टला काढून टाकलं.

या उठावामागे कुठलाही पंथ नव्हता, नेता नव्हता. पण पॅरिसच्या एका मोठ्या वर्तमानपत्रात त्याच डिसेंबरात लेख आला की समाजाला धोका असलेले रानटी लोक आता दूर कॉकेशसमध्ये नाहीत, आपल्याच कारखान्यांच्या गावांच्या वस्त्यांमध्ये आहेत. म्हणजे वर्गाची रेघ मार्क्सच्या आधी घाबरलेल्या श्रीमंतांनी ओढली. विणकरांचं स्वतःचं साप्ताहिकही त्याच काळात निघालं, त्यांच्या परस्पर मदतीच्या मंडळ्या होत्या, आणि पुढे १८४० च्या दशकात प्रूदाँ हा फ्रेंच समाजवादी विचारवंत लियोंला नोकरीला असताना "म्युच्युअलिझम", म्हणजे परस्पर मदत, हा शब्द या लोकांकडून घेऊन गेला. विचारवंतानं कामगारांना शिकवलं असं आपण समजतो, इथे उलटं झालंय.

फ्लोरा त्रिस्ताँ या फ्रेंच लेखिकेचं नाव नोट्समध्ये नसतं, ते तुम्ही घाला. १८४३ ला तिनं लिहिलं की फ्रान्समधल्या प्रत्येक कामगारानं वर्षाला दोन फ्रँक दिले तर सगळ्या धंद्यांची, बायका-पुरुषांची मिळून एक युनियन होईल आणि प्रत्येक जिल्ह्यात म्हाताऱ्यांसाठी, जखमींसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी वास्तू उभी राहील. पुस्तकाचे पैसे वर्गणी मागून जमवले, मग गावोगाव कामगारांना भेटत फिरली आणि त्याच प्रवासात १८४४ ला बोर्दोमध्ये वारली, वय ४१.

आता मार्क्स आणि त्याचा जोडीदार एंगल्स. एंगल्स १८४२ च्या शेवटी मँचेस्टरला आला, वडिलांची भागी असलेल्या गिरणीत. पन्नास वर्षांत कित्येक पटीनं वाढलेलं ते शहर, सरकारी अहवालात त्याच वर्षी आकडा आलेला की तिथल्या मजूर कुटुंबात मृत्यूचं सरासरी वय १७ आणि सुखवस्तू कुटुंबात ३८ (दगावलेली तान्ही मुलं धरून, म्हणून इतका कमी). मेरी बर्न्स या आयरिश कामगार बाईच्या सोबतीनं तो त्या गल्ल्या फिरला, ओवेनवाद्यांच्या सभांना बसला, त्यांच्या पत्रात लिहिलं. मार्क्स १८४३ ला पॅरिसला गेला आणि तिथे स्थलांतरित जर्मन शिंपी-सुतारांच्या मंडळांत बसला. श्रमातूनच मूल्य येतं तर मग नफा कुठून येतो हा प्रश्न हॉजस्किन नावाच्या इंग्रजानं १८२५ लाच मांडलेला होता. मग मार्क्सनं नवीन काय केलं? आधीचे बरेच जण कुणाच्या तरी भलेपणाची वाट बघत होते, ओवेन राजेरजवाड्यांना पटवत होता, फुरिए कुणी धनवान येईल म्हणून रोज दुपारी ठरलेल्या वेळी घरी थांबायचा. मार्क्स म्हणाला बदल करणारे लियोंच्या टेकडीवरून उतरलेत तेच, आणि ते का उतरतात याचं कारण भांडवलाच्या चालण्यातच आहे. ही उडी मोठी आहेच, मी ती कमी लेखत नाही.

मार्क्स-एंगल्सचा १८४८ चा कम्युनिस्ट जाहीरनामा बाहेर पडला त्याच फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली, पण तिच्यात त्याचा हात नव्हता, लोकांच्या तोंडी होता लुई ब्लाँ या समाजवादी लेखकाचा "कामाचा हक्क". सरकारनं तो मान्य केला, राष्ट्रीय कार्यशाळा काढल्या, मात्र त्या ब्लाँच्या हातात दिल्या नाहीत, नुसती रोजगार हमी करून ठेवली, लाखाच्या वर नावं आली, आणि जूनमध्ये त्या गुंडाळायचं ठरल्यावर चार दिवस रस्त्यावर लढाई झाली आणि हजारो कामगार मेले.

राहिला तो "स्वप्नाळू" शब्द. तो पक्का झाला तो मुख्यतः एंगल्सच्या १८८० च्या पुस्तिकेमुळे, आणि नोट्स लिहिणाऱ्यांनी तिथून फक्त तो शब्द उचलला. त्याच पुस्तिकेत एंगल्सनं असंही लिहिलंय की इंग्लंडमध्ये कामगारांच्या बाजूनं जी जी चळवळ झाली, जी जी खरी सुधारणा झाली, ती रॉबर्ट ओवेनच्या नावाशी जोडलेली आहे. परीक्षेत ते शीर्षक लिहावं लागलं तर लिहा, पण त्याच्याखाली १८१९ चा कायदा, रॉचडेलचं दुकान आणि लियोंचा तक्ता एवढं नक्की येऊ द्या.